नववा ते अकरावा मजला

देखभालीच्या वहीत सगळं ठाकठीक लिहिलेलं दिसलं, की शंकासुराला पहिली शंका यायची ती वहीचीच. लिहिणारा लिफ्टच्या आसपास तरी फिरकला होता, की खाली चहा पिता पिता तीन महिन्यांच्या सह्या एका दमात ठोकून गेला? म्हणून तो वही बाजूला सारायचा, टॉर्च घ्यायचा आणि सरळ वरच्या यंत्राच्या खोलीत जायचा.

तो सरकारी लिफ्ट तपासनीस. एकवीस वर्षं हेच काम. शंकासुर हे नाव मेकॅनिक लोकांनी ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्याची एक युक्ती होती. तपासणी आटोपली की तो ब्रेकच्या झाकणावरून खालच्या पट्टीपर्यंत खडूची एक बारीक रेघ ओढायचा. पुढच्या खेपेला रेघ जशीच्या तशी दिसली, की झाकण कुणी उघडलेलंच नाही हे सिद्ध, मग वहीत काहीही लिहिलेलं असो. मेकॅनिकांना हे कळायला चार वर्षं लागली. कळल्यावर ते झाकण न उघडताच रेघ पुसायला लागले. तेव्हापासून शंकासुर दोन रेघा ओढायचा, एक दिसेल अशी आणि एक त्याच्याशिवाय कुणाला सापडणार नाही अशी.

या स्वभावाला नावं ठेवायची तर एक गोष्ट आधी कबूल करायला हवी. एका सातमजली इमारतीत लिफ्टचा दोर आतून कुजत आला होता आणि वहीत त्याच महिन्याची ‘दोर उत्तम’ अशी नोंद होती. ते ह्यानंच पकडलं. त्या इमारतीतली माणसं आज चालतीबोलती आहेत ती ह्याच्या संशयामुळे, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

पंचाईत एवढीच, की संध्याकाळी बॅग ठेवली तरी संशय काही तो बॅगेत ठेवत नसे. गॅस बंद केला असं बायको म्हणाली, तरी हा स्वयंपाकघरात जाऊन बटणाला हात लावून येणार. वडिलांनी फिरायला जाऊन आलो म्हटलं, की ह्याची नजर त्यांच्या चपलांच्या तळव्यांकडे. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, ते ह्याच्याकडेच होते. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी त्यानं सात खणांची प्लॅस्टिकची डबी आणली होती, दर वाराला एक खण. सकाळी तो विचारायचा, गोळी घेतली का. वडील म्हणायचे, घेतली. मग तो आतल्या खोलीत जाऊन त्या वाराचा खण उघडून बघायचा. सहा वर्षांत खण एकदाही भरलेला निघाला नव्हता. तरी सातव्या वर्षाच्या सुरुवातीलाही तो उघडून बघतच होता.

अशा घरात मंगळवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी शाळेत शिक्षिका. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, रविवारी येते आहे, बाबांना घेऊन जायला. काही दिवसांसाठी नाही, राहायलाच. त्यांनीच मला विचारलं.

शंकासुराच्या मनात पाल चुकचुकली. बाबा घरात एका शब्दानं बोलले नव्हते. आदल्याच दिवशी दोघं समोरासमोर बसून जेवले होते. ज्या माणसाला घर बदलायचंय तो आमटी वाढून घेता घेता एवढं तरी बोलणार नाही का? इथं नक्की पाणी मुरत होतं, आणि ते बहिणीच्या बाजूनं मुरत होतं, याबद्दल त्याची खात्री पटली. बघतो, म्हणाला आणि फोन ठेवला.

आता कुणालाही वाटेल, की वडील पलीकडच्या खोलीत आहेत, चार पावलं चालून त्यांना विचारावं. पण तसं केलं तर तो शंकासुर कसला! ज्याच्यावर कुणी दबाव आणलाय त्याला थेट विचारलं की तो सावध होतो, हे त्याचं एकवीस वर्षांचं मत. त्यानं नुसता खडा टाकून पाहिला. हवा बदलायला कुठं जावंसं वाटतं का हो बाबा? वडील वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी त्याला दिसलं, की वडिलांच्या जुन्या बॅगेवरची धूळ पुसलेली आहे. गुरुवारी हा खोलीत शिरला आणि वडिलांनी चालू असलेला फोन ‘ठेवतो’ म्हणून बंद केला. धागे जुळत चालले होते. बहीण वडिलांना रोज पढवत होती, असं त्याचं अनुमान निघालं.

“पण ती खोटं कशाला बोलेल?” बायकोनं विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

तो म्हणाला, ती बोलते. डोळ्यांत डोळे घालून बोलते. पुरावा आहे माझ्याकडे. आणि मग त्यानं तिला, लग्नाला वीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, त्या गेमची हकीकत सांगितली.

तो सतरा वर्षांचा, बहीण चौदाची. वडील एका मोठ्या गोदामात कोठीवर होते. तिथल्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा एक जुना त्यांनी घरी आणला, अभ्यासासाठी. त्यावर अभ्यास किती झाला ते सोडा. पण कुठूनसा एक गेम आला आणि भाऊबहीण त्यात बुडाले. लांबच्या बर्फाळ चंद्रावर एक खाणीचं केंद्र, बारा मजले जमिनीच्या खाली. तिथली सगळी माणसं गायब. पडद्यावर आपल्याला आपले नुसते हात आणि हातातली बंदूक दिसणार, बाकी आपणच त्या माणसाच्या जागी. छतातल्या झरोक्यांतून काहीतरी सरपटल्याचा आवाज. आणि केंद्राचा मुख्य कॉम्प्युटर गोड आवाजात सांगत राहणार, की सर्व काही सुरक्षित आहे, कृपया पुढे या. पुढे गेलात की मेलात. शंकासुराला हा गेम आवडला यात नवल ते काय. कुणावरही विश्वास न ठेवणाऱ्या माणसासाठीच तो बनवलेला होता.

दोघांचे नियम होते. गेम जिथं थांबवला तिथली स्थिती जपून ठेवायला सहा जागा. पहिल्या तीन ह्याच्या, पुढच्या तीन तिच्या, एकमेकांच्या जागांना हात लावायचा नाही. आणि परीक्षेच्या आठवड्यात गेम बंद ठेवून हा शेवटच्या पेपरहून परत येतो तर काय? ह्यानं नवव्या मजल्याच्या दारात ठेवलेला गेम अकराव्या मजल्यावर पोचलेला! आजूबाजूला मिट्ट काळोख. घरात कोण? आई नोकरीवर, तर बहीण तापानं घरी. उलगडा व्हायला आणखी काय हवं. बहीण म्हणाली, मी हात लावला नाही. हा म्हणाला, खोटं. बहीण रडली, शपथा घेतल्या. ह्यानं महिनाभर अबोला धरला. पुढे बोलणं सुरू झालं, दोघांची लग्नं झाली, येणंजाणं राहिलं, पण मनातल्या वहीत बहिणीच्या नावापुढे जी नोंद झाली ती झालीच.

बायकोच्या हातातली घडी अर्धवट राहिली. “एकोणतीस वर्षांपूर्वीच्या ठो-ठोवरून तुम्ही तिला खोटारडी ठरवलीत?”

गेमचा प्रश्न नाही, तो म्हणाला, माणसाचा प्रश्न आहे. आणि तिच्या हे लक्षात येतं न येतं तोच त्यानं दुसरा बॉम्ब टाकला, की तो पुरावा त्यानं जपून ठेवलाय. कॉम्प्युटर बदलले, पण ते फोल्डर दर वेळी नव्यावर चढवलं गेलं. आधी फ्लॉपीवरून, मग सीडीवरून, मग पेन ड्राइव्हवरून. बायकोनं कपाळावर हात मारला आणि राहिलेली घडी पूर्ण केली.

ठरलं असं, की रविवारी बहीण आली की तिला समोर बसवायचं. हे सगळं पुराव्यासकट मांडायचं आणि बाबा इथून हलणार नाहीत हे एकदाच सांगून टाकायचं. मग ती रागावून गेली आणि परत आली नाही तरी चालेल. हे ‘तरी चालेल’ म्हणताना त्याला आत कुठंतरी टोचलं, नाही असं नाही. पण त्यानं ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो कॉम्प्युटरसमोर बसला. नव्या कॉम्प्युटरला आपण जुने आहोत असं सोंग घ्यायला लावणारा एक छोटा प्रोग्रॅम मिळतो, तो त्यानं घालून ठेवला होता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि तोच गोड आवाज आला. सर्व काही सुरक्षित आहे, कृपया पुढे या. सेहेचाळीस वर्षांच्या, केस पांढरे होत चाललेल्या तपासनीसाच्या अंगावर काटा आला. तेव्हा जो गेम डोळे दिपवायचा तो आता अगदीच ठोकळेबाज दिसत होता, भिंती पुठ्ठ्याच्या वाटाव्यात अशा. भीती मात्र होती तशीच होती.

त्यानं पहिल्या जागेवरचा तो वादग्रस्त गेम उघडला. अकरावा मजला, काळोख. सतराव्या वर्षी त्यानं हे जेमतेम दोन मिनिटं पाहिलं होतं आणि उठून थेट बहिणीच्या खोलीत गेला होता. आज तो तपासायला बसला होता. त्यामुळे पुढे जाण्याऐवजी त्यानं पाठ फिरवली आणि आल्या वाटेनं मागे निघाला.

पहिली गोष्ट खटकली ती बंदुकीच्या गोळ्यांची. नवव्या मजल्याच्या दारात त्याच्याकडे चाळीस गोळ्या होत्या, हा आकडा त्याला आजही पाठ होता. अकराव्यावरही चाळीसच. म्हणजे दोन मजले पार करणाऱ्यानं बंदूक एकदाही चालवली नव्हती. हे कसं शक्य होतं? तिथं पावलागणिक ते सरपटणारे प्राणी. त्यानं मागचं एक दार उघडलं आणि आतून एक प्राणी अंगावर आला. त्याला संपवून त्यानं पुढचं दार उघडलं, तिथंही तेच. तेव्हा उलगडलं, की जो कुणी इथून गेला त्यानं एकाही प्राण्याला मारलं नव्हतं. प्राणी खोलीत शिरला की आपण बाहेर यायचं आणि दार लावून घ्यायचं, एवढंच केलं होतं. दोन मजल्यांवरचं एकूण एक दार बंद. आणि दाराशेजारचं दिव्याचं बटण, त्या गेममध्ये ते खरोखर चालायचं, प्रत्येक खोलीचं बंद केलेलं. काळोख कुणी त्याला घाबरवायला केला नव्हता. खोलीतून निघताना कुणीतरी दिवा मालवला होता, बस.

शंकासुराच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. त्यानं चौथ्या जागेवरचा गेम उघडला. हा बहिणीचा, निर्विवाद. भिंतींची चाळण झालेली, काचा फुटलेल्या, दिवे सगळीकडे ढणाढणा चालू, दारं सताड उघडी. बहिणीनं जन्मात दार लावलं नव्हतं. आई तिच्या मागे ओरडत फिरायची, फ्रीज तरी लाव म्हणून. दोन माणसांच्या अक्षरात असतो तेवढा फरक इथं समोर दिसत होता.

तो परत पहिल्या जागेवर आला, दहाव्या मजल्यावरच्या कोठारात. तिथं खोकी ढकलता यायची. मुलं त्यांची शिडी करायची नाहीतर नुसती उडवायची. इथं ती रांगेत लावलेली होती. मोठी खाली, लहान वर. दाराच्या तोंडाशी एकही नाही. आणि एकही रांग भिंतीला टेकलेली नाही, मध्ये वीतभर जागा सोडलेली.

ही वीतभर जागा त्यानं दुसरीकडे पाहिली होती. आज सकाळीच पाहिली होती, वडिलांच्या खोलीत. कपाट, पलंग, पुस्तकांचा गठ्ठा, सगळं भिंतीपासून वीतभर लांब. ओल आली, उंदीर शिरला, तर दिसायला हवं, असं ते म्हणायचे. बायको सहा वर्षं ते कपाट मागे ढकलायची आणि ते परत पुढे यायचं.

परीक्षेच्या त्या आठवड्यात वडिलांची दुपारची पाळी होती. दोन वाजेपर्यंत ते घरी असायचे. हे त्याला तेव्हाही माहीत होतं. ज्यानं आयुष्यात कुणालाही संशयातून सोडलं नाही, त्यानं एकाच माणसाला सोडलं होतं, आणि तेसुद्धा सोडतोय हे लक्षात न येता. गेम म्हटला की कपाळाला आठ्या घालणारे, नुसती ठो-ठो म्हणून नाक मुरडणारे वडील!

मागे टक झालं आणि खोलीतला दिवा गेला.

“दुपारचे तीन वाजलेत. दिवा कशाला?” वडील दारात उभे होते. मग त्यांची नजर पडद्यावर गेली. ते हळूहळू जवळ आले, चष्मा सारखा केला आणि वाकून पाहिलं. “ते डाव्या हाताचं दार उघडू नकोस,” ते म्हणाले. “आत दोन आहेत.”

शंकासुरानं खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. उलटतपासणी घ्यायची गरजच पडली नाही, वडील आपणहून बोलत गेले. त्यांनी त्याच कॉम्प्युटरवर गोदामात मालाच्या नोंदी केल्या होत्या, त्यामुळे बटणांची सवय होती. मुलं एवढी कशात बुडालीत ते बघावं, एवढ्याच हेतूनं बसले. गोळी मारायला काही जमेना. मग सुचलं, की दार लावलं तर? आणि ते जमलं. तीन सकाळी खेळले. उठताना ‘जपून ठेवायचं का’ असं यंत्रानं विचारलं, तर हो म्हणाले. नोंद केल्याशिवाय गोदामातून कधी उठले नव्हते, इथून कसे उठणार.

शंकासुरानं विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत.

“बोलणारच होतो,” ते म्हणाले. “सुट्टीच्या दिवशी. पण तू परत तिला खाटेवर बसवून प्रश्न विचारत होतास, किती वाजता उठलीस, पाणी कधी प्यायलीस, मी दारातून ऐकत होतो. अंगात ताप होता पोरीच्या. तुझा तो आवाज ऐकला आणि मला माझ्या सतरा वर्षांच्या मुलाची भीती वाटली. आज बोलू, उद्या बोलू करत राहून गेलं. चूक माझी. तिची मी मागेच क्षमा मागितली आहे.”

म्हणजे तिलाही माहीत होतं! आणि ती एकदाही ह्याला म्हणाली नव्हती, की बघ. लाजेनं शंकासुराचे कान तापले. तिनं तेव्हा जे सांगितलं होतं ते अक्षरन्‌ अक्षर खरं होतं. आणि हे कळताच दुसरी गोष्ट आपोआप कळली, ती कळू नये म्हणून त्यानं क्षणभर पडद्याकडेच पाहिलं. तेव्हा ती खरं बोलत होती, तर मंगळवारीही खरंच बोलत होती.

“बाबा, तिच्याकडे जायचं तुम्हीच म्हणालात?”

“मीच.”

“इथं काही कमी पडलं का?”

“छे. काही कमी नाही.” वडील आपल्या हातांकडे बघत होते. “तू सकाळी विचारतोस, गोळी घेतली का. मी म्हणतो, घेतली. मग आतून त्या डबीचं झाकण वाजतं. रोज वाजतं. चाळीस वर्षं मी गोदामाच्या किल्ल्या सांभाळल्या रे. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तीही विचारायची. मी हो म्हणायचो, आणि ती पुढचं काम करायला लागायची.”

ते उठले आणि खुर्ची होती तिथं नेऊन ठेवली, भिंतीपासून वीतभर लांब.

शंकासुराला खूप वाईट वाटलं. रडू येईल इतकं. मी काळजीपोटी करत होतो, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ते खरं असलं तरी पूर्ण खरं नव्हतं, आणि हे त्याच्याइतकं कुणाला कळणार.

रविवारी बहीण आली ती भांडणाच्या तयारीनंच आली असावी, पाण्याचा पेला हातात घेऊनही ती बसली नाही. त्यानं सरळ सांगून टाकलं. “तू हात लावला नव्हतास.”

तिला एका क्षणात समजलं, कशाबद्दल ते. “मी तेव्हाच सांगितलं होतं, दादा,” ती म्हणाली. तिचा आवाज चौदा वर्षांच्या मुलीचा झाला होता. मग ती पाणी प्यायली आणि बसली.

त्यानं विचारलं, तुला माहीत होतं, मग मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू बाबांच्या मागे लागला असतास. बायको स्वयंपाकघरात भांडी उगाचच जोरात लावत होती.

बॅग त्यानंच भरली. कपडे, चष्म्याची जादा जोडी, डॉक्टरांचे कागद. सगळ्यात वर ती सात खणांची डबी ठेवली. रविवारचा खण तेवढा उघडून बघावा म्हणून अंगठा झाकणाखाली गेलासुद्धा. मग त्यानं बॅगेची चेन ओढली. खाली उतरताना वडिलांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि दिवा बंद आहे ना हे वळून पाहिलं.

संध्याकाळी फोन आला. पोहोचलो, बहीण म्हणाली, प्रवास नीट झाला, बाबा जेवायला बसलेत.

“गोळी घेतली का त्यांनी?”

“हो म्हणाले.”

पुढचे चार प्रश्न त्याच्या जिभेवर तयार होते. कधी घेतली, कुणासमोर घेतली, पाण्याबरोबर की दुधाबरोबर, खण रिकामा आहे का. फोनच्या त्या टोकाला बहीण वाट बघत होती, हे त्याला तिच्या श्वासावरून कळत होतं.

“बरं,” तो म्हणाला. “मग झालं.”